हसरं मुंडकं आणि पन्नास पिवळ्या फिती

डुकराचं मुंडकं हसरं पाहिजे, हे मी बाजारातल्या बाईला तीनदा सांगितलं. तिने फळीवरची उकडलेली सात मुंडकी एकेक करून माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "घ्या, करा पसंत. मुली दाखवल्यासारखी दाखवतेय."

"हे जरा कुत्सित हसतंय," मी एकाबद्दल म्हणालो.

"ते तुम्हाला बघून हसतंय. चार माणसांत नीट हसेल."

शेवटी डावीकडून तिसरं घेतलं. डोळे मिटलेले, गाल वर चढलेले आणि ओठांच्या कोपऱ्यात असं समाधान, की मरायच्या क्षणी त्याला कोणीतरी मुलगा झाल्याचं कळवलं असावं. वर्षातल्या पहिल्या डोंगरपूजेला डुक्कर हसरं असलं तर क्लबचं वर्ष बरं जातं, असं आम्ही मानतो. गेल्या वर्षीचं डुक्कर रडकं होतं. ते मीच आणलं होतं.

घरी आणून फ्रिजमध्ये ठेवलं तर बायको म्हणाली, "अहो, दार उघडलं की ते माझ्याकडे बघतं."

"डोळे मिटलेत त्याचे."

"तरी तुमच्यापेक्षा प्रसन्न आहे," असं म्हणून तिने त्याच्या कानाला लागून मुळ्याचं किमची ठेवून दिलं.

माझं नाव क्वाक ब्योंगमुन, वय बासष्ट. योंगदो बेटावर जहाजं दुरुस्त करायचं एक यार्ड होतं, तिथे एकतीस वर्षं मी रंगाचं गोदाम सांभाळलं. पुसान बंदरातला जवळजवळ प्रत्येक कप्तान कधी ना कधी माझ्या खिडकीशी येऊन लाल रंगाचे डबे घेऊन गेला, आणि मी प्रत्येकाला "इथे सही करा, कप्तान" म्हणालो. मला हाक मारायची असली तर ते "ए, रंगवाले" म्हणत. निवृत्त झाल्यावर तेही गेलं. घरात मी "अहो" आणि इमारतीत "चौदाशे दोनवाले". मग डोंगर चढणाऱ्यांच्या एका क्लबात शिरलो. चार वर्षांपूर्वी तिथले वाट दाखवणारे कप्तान मुलाकडे राहायला गेले आणि मी कप्तान झालो. का झालो, तर त्या दिवशी माझ्याकडे होकायंत्र होतं. ते किल्लीच्या जुडग्याला लावलेलं होतं आणि त्याची सुई नेहमी माझ्या घराच्या किल्लीकडे वळायची, पण तेवढं कोण बघतंय.

क्लब नऊ माणसांचा. म्हणजे या जगात मला कप्तान म्हणणारी माणसं आठ. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, पण कधीकधी मी वाटेत मुद्दाम मागे वळून "काय?" असं विचारतो. त्यावर कोणीतरी "काही नाही, कप्तान" म्हणतं, तेवढ्यासाठी.

आता हे कप्तानपदच धोक्यात होतं. ऑक्टोबरमध्ये मी या आठ जणांना समुद्रकाठच्या वाटेने सूर्यास्त दाखवायला नेलं आणि सांडपाण्याच्या प्रकल्पाच्या मागच्या फाटकाशी पोचवलं. सूर्यास्त झाला, पण तो कोणाच्या लक्षात राहिला नाही. नोव्हेंबरात पक्ष्यांचं जंगल दाखवतो म्हणालो, ते कोंबड्यांचं फार्म निघालं. तेव्हा आमचे अध्यक्ष प्यो, वय चौऱ्याहत्तर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "क्वाक, लोक कुरकुर करतायत. मार्चमध्ये पूजेला डुक्कर अकरा वाजता शिखरावर पोचव, मग बघू. पूजा झाली की हात वर करून मत घेऊ."

"आणि नाही पोचलं तर?"

"तीनशे पंच्याण्णव मीटरचा डोंगर आहे, क्वाक. बायका भाजी आणायच्या चपला घालून चाळीस मिनिटांत वर जातात."

ते खरं होतं. पोंगनेसान म्हणजे बेटाच्या मधोमध उभा असलेला एवढासा डोंगर. कोणत्याही बाजूने खाली उतरत गेलं की समुद्र लागतो. तिथे हरवायचं तर खास कर्तृत्व लागतं. तरी आम्ही तिथे अशा बुटांत, अशा जॅकेटांत आणि दोन्ही हातांत अशा काठ्या घेऊन जमतो, की बघणाऱ्याला वाटावं वर हवा विरळ होते.

माझ्या जागेवर डोळा कोणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. ओक पुन्ने. वय सहासष्ट. तरुणपणी आमच्याच यार्डात फळीवर लटकून, हातोडीने जहाजांचा गंज पाडायच्या. त्या ठणठणाटाने एक कान गेला, आणि तेव्हापासून त्या सगळ्या जगाशी दुसऱ्या टोकाला उभ्या असल्यासारख्या बोलतात. चढावर त्यांना धाप लागत नाही. आम्हा सगळ्यांना लागते, त्यामुळे चढावर बोलणं फक्त त्यांचं चालतं, आणि विषय बहुतेक मी असतो.

तेव्हा मी ठरवलं की पायऱ्यांच्या वाटेने जायचं नाही. त्या वाटेने कोणीही शिखरावर पोचवील. लोकांनी म्हटलं पाहिजे, की ही वाट फक्त क्वाकला माहीत.

आमच्याकडे प्रत्येक क्लबच्या फिती असतात. वीतभर कापडी पट्टी, तिच्यावर क्लबचं नाव. आडवाटेवरच्या फांद्यांना ती बांधत जायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की इथून माणसं गेलीत आणि बहुधा परत आलीत. मी पन्नास फिती छापून घेतल्या. पिवळ्याधमक. वर क्लबचं नाव बारीक अक्षरात, आणि खाली "कप्तान क्वाक ब्योंगमुन" इतकं ठसठशीत की चष्म्याशिवाय वाचता यावं. छापणाऱ्याने चुकून मोठं केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पूजेच्या आधीच्या रविवारी मी एकटा गेलो. डोंगराच्या कमरेवर एक व्यायामाचं मैदान आहे, तिथे म्हातारी माणसं लोखंडी यंत्रांवर पाय हलवत असतात. त्याच्या जरा वरून एक पाऊलवाट पाइनच्या झाडांत शिरते. दर दहा-बारा पावलांवर मी एक फीत बांधायचो, दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघायचो, फोटो काढायचो आणि पुढे जायचो. एकोणपन्नास फिती बांधून झाल्या आणि समोरच्या झाडावर बघतो तर आधीच एक पिवळी फीत. माझ्याच नावाची. मला वाटलं, क्लबातल्या कोणीतरी आदराने येऊन बांधून ठेवली. डोळे भरून आले. फिती सगळ्या माझ्याच पिशवीत होत्या, हा मुद्दा त्या वेळी सुचला नाही. पन्नासावी फीत मी तिच्या शेजारी बांधली. शिखर दिसत नव्हतं, पण ते अगदी जवळ असणार याची खात्री होती, कारण पाय चढल्यासारखे दुखत होते. मग भोपळा घेऊन चाललेल्या एका बाईच्या मागे मागे पायऱ्यांनी खाली उतरलो.

पूजेच्या दिवशी सकाळी समुद्रावरून धुकं आलं. साधंसुधं नाही. पुलावरून बस आली ती आधी ऐकू आली आणि मग दिसली. पायथ्याशी सगळे जमले. मुंडकं गुलाबी कापडात बांधून मी पाठीवरच्या पिशवीत घेतलं होतं. ते पिशवीत मावत नव्हतं, त्यामुळे कापडातून नाकाचा आकार माझ्या मानेशी वर आला होता.

"कप्तान, पाठीवर कोण आहे?" पुन्नेताईंनी विचारलं.

"डुक्कर आहे, ताई."

"असं होय. धुक्यात मला वाटलं, तेच तुम्हाला घेऊन चाललंय."

टॅक्सी चालवणारे मोक, ज्यांचं पोट त्यांच्या दोन पावलं पुढे चालतं, ते म्हणाले, "कप्तान, आज पायऱ्यांनीच जाऊ या का? काही दिसत नाहीये."

"म्हणून तर फिती बांधल्यात," मी म्हणालो. "डोळे मिटून चाला."

"आजीला आवडलेलं दिसत नाही पण," पुन्नेताई डोंगराकडे, म्हणजे डोंगर जिथे असायला पाहिजे तिकडे बघत म्हणाल्या.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. पोंगनेसानवर एक आजी राहते. ती बेटावरच्या माणसांवर नजर ठेवते, आणि बेट सोडून जाणारा तिच्या दृष्टीस पडला तर त्याची धूळधाण करते. हे कोणी मानत नाही, पण बेट सोडणारा माणूस सामान अशाच वेळी हलवतो, की वरून दिसू नये. पाच वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहाने आम्ही पुलापलीकडे घर घेतलं, तेव्हा मी ट्रकवाल्याला तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा, दाट धुकं पडलेलं बघून, सामान काढलं. वॉशिंग मशीनवर वरून चादरही घातली होती.

"धुक्यात पळालेल्या माणसाला," पुन्नेताई आता डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजी धुक्यातच गाठणार."

"ताई, हळू बोला ना."

"का? तिला कुठे राहताय ते माहीत नाही का अजून?"

साडेनऊला आम्ही निघालो. व्यायामाच्या मैदानाच्या वर पहिलं झाड सापडलं, त्यावर दोन फिती शेजारी शेजारी. "ही काय, दोन दोन?" अध्यक्षांनी विचारलं. मी म्हणालो, "आपल्याला मान आहे इथे." तिथून फीत, पुढे फीत, पुढे फीत. पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, पण पिवळा रंग धुक्यातून बरोबर उगवायचा आणि त्यावर माझं नाव असायचं. इतक्या सुखाने मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो. डाव्या हाताला खाली कुठेतरी एक म्हातारा कमरेभोवती रिंग फिरवत होता. मणी भरलेली रिंग, खुळुक खुळुक आवाज करणारी. सोबत रेडिओवर जुनी गाणी.

वीसेक मिनिटांनी डाव्या हाताला परत खुळुक खुळुक आलं.

"कप्तान," मोक म्हणाले, "हा तोच म्हातारा आहे का?"

"मोकभाऊ, पुसानमधला असा कोणता डोंगर आहे जिथे म्हातारा रिंग फिरवत नाही?"

हे खरं आहे, म्हणून सगळे चालत राहिले.

"पण रेडिओही तसाच वाटतोय."

"म्हातारे सगळे तेच स्टेशन लावतात."

तेही खरं आहे. आम्ही पुढे निघालो. आणि मग समोर धुक्यात पाठी दिसायला लागल्या. हिरव्या जॅकेटांच्या, एकामागोमाग एक. पुलापलीकडचा कुठलातरी मोठा क्लब, तीस-पस्तीस माणसं, आणि तो माझ्या फितींवरून चालला होता. पहिल्याच आठवड्यात माझी वाट वापरात आली होती.

"बघितलंत का," मी मागे वळून म्हणालो. "लोक यायला लागले."

"मग गाठा त्यांना," पुन्नेताई म्हणाल्या. "ते आधी पोचले तर वरची चांगली जागा जाईल. डुक्कर काय झाडावर ठेवायचं?"

मी वेग वाढवला. हिरव्यांनी मागे पावलं ऐकली आणि त्यांनीही वेग वाढवला. आम्ही आणखी वाढवला. डुक्कर माझ्या मानेवर नाक आपटत होतं. मोक मागून "कप्तान, कप्तान" म्हणत होते, पण त्या वेळी ते मला आवडत होतं म्हणून मी थांबलो नाही. परत एकदा खुळुक खुळुक आलं आणि गेलं. शेवटी हिरव्यांची अखेरची बाई दमून एका दगडावर बसली. तिने आम्हाला काकडीचे तुकडे दिले आणि म्हणाली, "तुमचं बरंय. तुमचे लोक आघाडीलाही आहेत आणि पिछाडीलाही."

"आघाडीला कुठे?"

"आमच्या पुढे. आमचे कप्तान आत्ताच फोनवर म्हणाले, की समोर तुमच्याच क्लबचा बिल्ला लावलेले एक म्हातारे गृहस्थ आहेत, वाट अडवून गुडघा चोळतायत, आणि जाऊ देत नाहीत."

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मोजलं. आठ होतो. अध्यक्ष प्यो नव्हते. अध्यक्ष नेहमी सगळ्यांच्या मागे असतात.

पुन्नेताईंनी काकडी चावणं थांबवलं. "कप्तान," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाल्या, "आपल्या मागचा माणूस त्यांच्या पुढे कसा?"

"अध्यक्ष जवळच्या वाटेने गेले असतील."

"गुडघा घेऊन?"

"एक मिनिट. होकायंत्र बघतो."

खरंतर मला एक मिनिट पाठ करून उभं राहायचं होतं. अकराला दहा कमी होते. मी पिशवी उतरवली, काठावर टेकवली आणि खिशातून किल्ल्या काढल्या. पिशवीच्या तोंडापुढे सरळ उतार आहे, हे दिसायला पाच पावलांपलीकडचं दिसावं लागतं. गुलाबी गाठ सुटली. आधी एक हलका, मऊ आवाज झाला. मग दुसरा. मग पानांतून काहीतरी घरंगळत, फार घाई नसल्यासारखं, खाली खाली गेलं. रिंगेचा आवाज थांबला. रेडिओही बंद झाला.

मग खालून, अगदी जवळून, म्हाताऱ्याचा आवाज आला.

"अहो वरचे, तुमच्यातलं कोणीतरी खाली आलंय."

मोकांनी काठावरून वाकून बघितलं.

"लागलेलं दिसत नाही," म्हातारा म्हणाला. "हसतोय."

आम्ही उतार उतरून गेलो, तर वीस पावलांवर व्यायामाचं मैदान. तेच, जिथून निघालो होतो. म्हातारा गंजीफ्रॉकवर, रिंग पायाशी पडलेली, आणि पायाने मुंडकं अडवून उभा. नाकाच्या शेंड्याला थोडी माती आणि एका कानाला पाइनची काडी, बाकी हसू जसंच्या तसं. आम्हाला बघून म्हातारा म्हणाला, "सकाळपासून वरून जाताय ते तुम्हीच ना? तीन फेऱ्या मोजल्या मी. मला वाटलं कसल्या स्पर्धेचा सराव चाललाय. मघाशी हिरवे पण सामील झाले, तेव्हा मी रेडिओचा आवाज वाढवला. म्हटलं, तेवढाच हुरूप येईल."

वरून एकेक करत हिरवी जॅकेटं उतरायला लागली. त्यांच्या कप्तानाच्या, योम नावाच्या चष्मेवाल्या गृहस्थाच्या हाताला धरून आमचे अध्यक्ष आले. अध्यक्षांनी मैदानाकडे बघितलं, मुंडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"क्वाक," ते म्हणाले, "हे शिखर आहे का?"

खोटं बोलायला जागा असती तर मी बोललो असतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण समोर फलकावर मोठ्या अक्षरात मैदानाचं नाव लिहिलं होतं.

"नाही, अध्यक्षसाहेब. ती वाट गोल आहे. मीच बांधली. शेवटची फीत बांधताना तिथे आधीची फीत होती, आणि मला वाटलं, ती तुमच्यापैकी कोणीतरी माझ्यासाठी बांधली."

हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. फक्त मोक म्हणाले, "बांधली असती हो, कप्तान, पण फिती तुमच्याकडे होत्या."

अध्यक्षांचा गुडघा आता पायरी चढायच्या लायकीचा राहिला नव्हता, आणि पूजा तर बाराच्या आत व्हायला पाहिजे. पुन्नेताईंनी बाकड्यावर कापड पसरलं. पाठ टेकवून वजन उचलायचं एक लोखंडी बाकडं होतं, त्याच्यावर मुंडकं ठेवलं, पुढे सुका मासा, नाशपती, तांदळाच्या वाफवलेल्या वड्या, माकोलीची, म्हणजे तांदळाच्या दारूची बाटली. म्हाताऱ्याने आपल्या टॉवेलने मुंडक्याचं नाक पुसलं. हिरव्यांचे योम जरा वेळ घुटमळून पुढे आले. "आमच्याकडे मुंडकं नाही," ते खाली बघत म्हणाले. "यंदा सोयीचं म्हणून फोनवर डुकराचा फोटो आणला होता. पण एवढं समोर असताना फोटोला नमस्कार करायला बरं वाटत नाही."

"या, या," पुन्नेताई म्हणाल्या. "तुम्ही तर आमचेच पाहुणे. फेऱ्या आमच्या खर्चाने केल्यात."

मग चाळीस-पंचेचाळीस माणसं, बहुतेक हिरवी, लोखंडी यंत्रांच्या मधून वाट काढत, पायघड्यांसारख्या पसरलेल्या चटयांवर गुडघे टेकून डोकं जमिनीला लावत गेली. अध्यक्षांनी कागद वाचला: हे डोंगराच्या आजी, या वर्षी आमचे पाय मुरगळू नयेत, आमच्यावर दगड पडू नयेत, आम्ही वाट चुकू नये. "वाट चुकू नये" ला ते जरा थांबले. माझी पाळी आली तेव्हा मी डोकं टेकवलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. मी आजीला म्हणालो, मी गेलो ते मुलाच्या हट्टाने, दर रविवारी येतो, आणि तुझ्याकडे मी फार मागत नाही. आठ माणसं. तेवढी राहू दे. वर बघितलं तर डुक्कर मला हसत होतं. बाजारातली बाई चुकली होती, चार माणसांतही ते मला बघूनच हसत होतं.

एकेक घोट माकोली झाल्यावर अध्यक्ष उभे राहिले. हिरवे लोक वड्या खात बसले होते, त्यांनाही ऐकायची उत्सुकता होती. दुसऱ्या कोणाच्या क्लबात पंचाईत झाली की डोंगरावर सगळे गप्प बसून ऐकतात.

"क्वाकना कप्तान ठेवायचं असेल त्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले.

मी बुटाची नाडी बघत होतो. स्वतःचा हात वर करायची मला लाज वाटली. वर बघितलं तर एकच हात वर होता, गंज पाडून पाडून बोटं वाकडी झालेला.

"अगं बाई," अध्यक्ष म्हणाले, "तू तर उमेदवार आहेस."

"म्हणून काय झालं?" पुन्नेताई म्हणाल्या. "मी पुढे गेले तर बोलू कोणाला? झाडांना? चार वर्षं झाली, समोर ती पाठ असली की मला चढ जाणवत नाही. तोंड चालू राहतं."

"बरं. पुन्नेला कप्तान करायचं त्यांनी हात वर करा."

आठ हात वर झाले. आठवा माझा होता. तो का वर केला ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक तर मघापासून हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. दुसरं, ती बाई पुढे असती तर आम्ही दहा वाजता शिखरावर गोड खात बसलो असतो, हे त्या मैदानावर माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

टाळ्या झाल्या. हिरव्यांनीही वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला आणि मुंडकं कापडात बांधायला घेतलं, कारण मान खाली घालून करण्यासारखं तेवढंच काम होतं. एकतीस वर्षं आणि वर चार, असा हिशोब मनात चालला होता, आणि शेवटी उरत होतं चौदाशे दोनवाले.

"ते ठेवा बाजूला," पुन्नेताई डोक्यावर येऊन ओरडल्या. "शेपटाला कोण आहे आपल्या?"

"शेपटाला कोणी नसतं, ताई. अध्यक्ष असतात."

"तेच म्हणतेय. मोठ्या क्लबांत पुढे एक कप्तान असतो आणि मागे एक असतो. आपण नऊच म्हणून कधी ठेवला नाही, आणि आज अध्यक्ष हिरव्यांच्या पुढे सापडले. सगळ्यात शेवटी चालायचं, कोणी मागे राहिलं तर त्याच्याजवळ थांबायचं. वाट माहीत असायची गरज नाही." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "हळू चालणारा माणूस पाहिजे. तुमच्याइतकं हळू कोण चालतं?"

"म्हणजे शेपटाचा कप्तान?" मी विचारलं.

"कप्तानच ना शेवटी," मोक म्हणाले. "कप्तान, ती वडी खाताय का, नाहीतर मी घेतो."

बायकोचा फोन आला तेव्हा मी वडी खात होतो. "काय झालं?" तिने विचारलं.

"कप्तान आहे," मी म्हणालो.

"अजून?"

"अजून."

"आणि डुक्कर?"

"ते पण बरं आहे."

तिने फ्रिजचं दार लावलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "येताना त्याचा एक कान तरी आणा."

एक वाजता उतरायला लागलो, पायऱ्यांनी, पुन्नेताई पुढे. धुकं तसंच होतं, पण त्यांचा आवाज असा, की पंधरा वळणांपलीकडूनही माणसाने तो धरून चालावं. माझ्याजवळ फक्त अध्यक्ष, एकेक पायरी बाजूने उतरत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. दर पाच मिनिटांनी मी शिट्टी दोनदा वाजवायचो, म्हणजे सगळे आहेत. नुसतं शेवटी चालायचं काम मला इतकं बरं जमेल असं वाटलं नव्हतं. समोर चुकायला काही नव्हतं.

अर्ध्या वाटेवर अध्यक्ष दम खायला बसले. माझ्या पोटात माकोलीचे तीन पेले गेले होते, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "साहेब, तुम्ही बसा, मी आलोच," आणि कठडा ओलांडून झाडीत शिरलो. दहा पावलं गेलो, आणखी आडोसा बघत दहा. मागे पानं वाजली. वळून बघतो तर पाच हिरवी जॅकेटं, रांगेत, प्रत्येकाच्या हातात काठ्या. बाटली संपवायला मागे राहिलेले आणि धुक्यात आपल्या लोकांपासून तुटलेले.

"तुम्ही कुठे निघालात?" मी विचारलं.

"तुमच्या मागे," पहिला म्हणाला. "शिट्टी ऐकली, म्हटलं कप्तान आहेत. फितींवर नाव वाचलं होतं तुमचं."

"अहो, इकडे वाट नाहीये. मला वाट माहीतही नाही. त्या पायऱ्यांवर जा, पुढे एक बाई ओरडत असेल, तिच्या मागे जा."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातली काकडीवाली बाई हळूच दुसऱ्याला म्हणाली, "खरे जाणकार असेच असतात. कधी सांगत नाहीत."

"इथे काही नाहीये," मी म्हणालो. "मी जरा आडोशाला आलोय."

"असू दे, कप्तान," पहिला म्हणाला आणि त्याने काठ्या जमिनीत नीट रोवल्या. "तुम्ही व्हा पुढे."